सत्तेचाळीस फुटांवरचा दगड

गेल्या महिन्यात कॉलेजातले एक तरुण प्राध्यापक माझ्याकडचे दगड पाहायला आले. पाहायला म्हणजे न्यायलाच. मीच निरोप धाडला होता. आता माझ्याने होत नाही. पलंगाखालची खोकी ओढायची तर कंबर धरते, धूळ पुसायची तर दम लागतो, आणि घरात येणारं प्रत्येक माणूस एकच विचारतं, याचं पुढे काय करायचं? ‘लोकांनी सोनंनाणं जमवलं, हिने धोंडे जमवले,’ हे भावजयीचं वाक्य मी इतकी वर्षं ऐकलं की शेवटी मलाही ते पटायला लागलं.

प्राध्यापक भला माणूस. जमिनीवर मांडी घालून बसले आणि एकेका दगडाबरोबरची चिठ्ठी वाचून वहीत उतरवू लागले. आमच्या मंडळाच्या चिठ्ठीवर चार ओळी असायच्या: गाव, किती खोलीवर, कोणत्या दिवशी, आणि देणाऱ्याचं नाव. निम्मी खोकी झाल्यावर त्यांचा हात थांबला. हातात एक हिरवट, काचेसारखा दगड होता, चौकोनी टोकांचा.

‘बाई, या चिठ्ठीवर पाच ओळी आहेत.’

‘हो.’

‘खोली सत्तेचाळीस फूट. आणि शेवटी दुसऱ्या शाईत, पाणी एक्कावन्न फूट. ही काही दगडाची नोंद नाही. नव्या चिठ्ठीत गाळली तर चालेल ना?’

मी त्यांना म्हटलं, आधी चहा घ्या. उत्तर लगेच सुचलं नाही की मी चहा पुढे करते, ही माझी जुनी खोड आहे.

आमचं मंडळ म्हणजे जेमतेम नऊ-दहा माणसं. नगरला एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते आणि त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत दर रविवारी सकाळी आम्ही जमत असू. मंडळाला रीतसर नाव होतं, पण गावात सगळे धोंडेमंडळच म्हणायचे. मंडळ काढलं ते एका निवृत्त ओव्हरसियर साहेबांनी. त्यांची सगळी नोकरी रस्त्यांवर गेली. ज्या दगडाची उभा जन्म खडी केली, त्याच्यावर म्हातारपणी त्यांचा जीव जडला. सुरुंग लावताना किती सुंदर गोष्टी डोळ्यांदेखत फोडून टाकल्या, हे ते प्रत्येक नव्या सभासदाला सांगत, आणि सांगताना खरोखर कासावीस होत.

मी त्या मंडळात का गेले? खरं सांगायचं तर रविवारी घराबाहेर पडायला मिळावं म्हणून. लग्न केलं नव्हतं, भावाच्या घरी राहत होते, आणि सुटीच्या दिवशी बिनलग्नाच्या नणंदेला घरात हजार कामं निघतात. दगडांना चहा लागत नाही, त्यांचं पोरबाळ सांभाळावं लागत नाही. पुढे मात्र मला खरीच गोडी लागली. साधा ओबडधोबड काळा दगड हातोडीने फोडावा आणि आत पांढऱ्या सुयांचा झुबका निघावा, हे एकदा पाहिलं की माणूस रस्त्याने खाली मान घालून चालायला लागतो.

साहेबांचे नियम दोन. एक, चिठ्ठीशिवाय दगड मंडळात यायचा नाही. दोन, दगड जागेवर पाहिल्याशिवाय, मोजल्याशिवाय हलवायचा नाही. हे दोन्ही नियम एका दाढेपायी झाले. मंडळाच्या पहिल्याच वर्षी देवळाली प्रवरेकडच्या एका सभासदाने गोणपाटात गुंडाळून एक दाढ आणली होती. वीट असावी एवढी, दगड होऊन गेलेली, कुठल्या तरी जुन्यापुराण्या हत्तीची. साहेब ती घेऊन मोठ्या उत्साहाने पुण्याला एका जाणकारांकडे गेले. त्यांनी विचारलं, नदीच्या कोणत्या काठाला मिळाली, कोणत्या थरात? सभासदाला ती पाव्हण्याने दिलेली, पाव्हण्याला उसाच्या गाडीवाल्याने. जाणकारांनी दाढ परत केली आणि म्हणाले, छान आहे, कपाटात ठेवा. त्या ‘कपाटात ठेवा’ने साहेबांना आठ दिवस झोप नव्हती. तेव्हापासून नियम म्हणजे नियम. कुठे काही सापडल्याची बातमी आली की साहेबांचा निरोप जाई, हात लावू नका, रविवारी येतो. आणि दगड थांबत. दगडाला काय घाई असते?

मग तो दुष्काळ आला. बहात्तरचा. पाऊस नाही ते नाहीच. जिल्हाभर जो तो विहीर खणत होता नाहीतर जुनी खोल करत होता. आणि मला हे लिहायला लाज वाटते, पण आमच्या मंडळाला त्या साली सुगी आली होती. एवढ्या विहिरी एकदम कधी खणल्या गेल्या होत्या? आमच्यापैकी एक जण तसं बोललाही, आणि आम्ही हसलोही. मी पण हसले.

पौष संपत आला होता. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत गेले तर साहेब नेहमीसारखे चिठ्ठ्या लिहीत बसले होते आणि दारात एक मनुष्य उभा होता. मिरजगावच्या बाजूचा. पूर्वी साहेबांच्या हाताखाली रस्त्यावर कामाला होता, म्हणून त्याला साहेबांचं हे वेड माहीत होतं. त्याने उपरण्याची गाठ सोडून एक हिरवा दगड टेबलावर ठेवला. सांजेचं ऊन आडवं आत येत होतं. दगडाने ते असं काही धरलं की साहेबांच्या हातातला टाक तसाच राहिला.

‘हिरीत सुरुंग लावला तवा निघालं, साहेब. आत पोकळी हाय, मानूस मावंल येवढी. समदी असल्या खड्यांनी भरल्याली.’

‘किती खोलीवर?’

‘आठ परुस, म्हंजी आठ मानूस खोल आसंल. फुटात न्हाई मापलं.’

‘पोकळी शाबूत आहे?’

‘हाय की. उद्या फोडनार हुतो. सुरुंगवाली टोळी शुक्कीरवारपत्तोर हाय, मग त्यास्नी नेवाशाकडं जायाचं हाय.’ मग त्याने विचारलं, ‘साहेब, ह्याच्या खाली पानी लागंल का?’

साहेबांनी खरं तेच सांगितलं. ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणाले. पण पोकळी जागेवर पाहिलीच पाहिजे, रविवारी सगळे येतो, तोवर सुरुंग लावू नका.

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. बाईमाणूस, त्यातून मास्तरीण, हिला कळेल असं त्याला वाटलं असावं. ‘बाई, चाळीस लिंबं लावल्यात. चौथं वरीस हाय त्यांचं, फुडल्या सालाला फळ धरतील. मंडळी डोक्यावर पानी आनून एकेक तांब्या घालतीया. लई झालं तर शिमग्यापत्तोर तगतील. आमच्या घरान्यातली ही पयली हीर हाय.’

पहिली विहीर म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. त्याच्या बापाच्या हयातीत त्यांच्या वस्तीला गावच्या विहिरीवर पोहरा टाकायची सोय नव्हती. बौद्ध झालेली माणसं ती. कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतेपर्यंत काठाशी थांबायचं, अशी दोन-चार पिढ्या थांबलेली. त्यांच्या स्वतःच्या रानात, स्वतःच्या हाताने खणलेली ही पहिली. तो मला हे सांगत होता. आणि मी वर्गात पोरींना गप्प बसवायच्या आवाजात म्हणाले, ‘अहो, शिमग्याला अजून दीड महिना आहे. रविवारपर्यंत थांबा. चार दिवसांत पाणी कुठे पळून जातंय?’

तो हसला. ‘व्हय, त्ये बी खरंच,’ म्हणाला, आणि रिकामं उपरणं झटकून खांद्यावर टाकून गेला.

मी हे का बोलले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भोळेपणाने बोलले असं म्हणायची सोय आहे, पण तसं नव्हतं. मला हाव सुटली होती. चार वर्षं मी लोकांनी फोडलेले, कोपरे उडालेले तुकडे गोळा करत होते. अख्खी पोकळी, जशी होती तशी, कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

रविवारी आम्ही पाच जण पहिल्या एसटीने निघालो. मिरजगावच्या अलीकडे उतरून दीड कोस आत चालत. रान असं उजाड की पायाखाली नुसता चुरा. विहिरीपाशी सामसूम होती. टोळी कुठे आहे, असं साहेबांनी विचारलं तर तो म्हणाला, ‘बुधवारीच गेली. रिकामी कोन बसतंय साहेब? पन आठ दिवसात येतो म्हनल्यात.’ विहिरीच्या कडेने लिंबोणीच्या चार ओळी होत्या. झाडं कमरेएवढी, पानं जराशी वळलेली, प्रत्येकाच्या बुंध्याशी वाळक्या पाल्याचं आळं नीट घातलेलं. मी ती पाहिली. पाहिली म्हणजे त्यांच्यामधून चालत गेले.

दगड वर ओढायची लाकडी यारी होती, तिच्या टोपल्यात बसवून एकेकाला खाली सोडलं. पासष्टीचे साहेब सगळ्यांत आधी उतरले. मी पदर खोचून दुसरी. तळाशी गार होतं. पोकळीच्या तोंडाशी साहेबांनी बॅटरी धरली आणि आत हिरवं, पांढरं, कुठे गुलाबीसर असं काही एकदम पेटून उठलं. भिंतीला, छताला, तळाला खडेच खडे, एकाला धक्का म्हणून नाही. साहेबांनी टेप सोडायला लावली, सत्तेचाळीस असं मोठ्याने म्हटलं, आणि डोळे पुसले. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस काढायला बसले तर हाताच्या बोटांवर मावतील. तो त्यातला एक. हेही मला खोटं सांगता येत नाही.

दिवसभर आम्ही छिन्नीने अलगद एकेक झुबका सोडवत होतो. वर त्याची बायको टोपलं रिकामं करून घेत होती. काटक, कमी बोलणारी बाई. दुपारी तिने रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. घरात बुद्धाची तसबीर होती, तिला कागदी फुलांची माळ. पाण्याचा तांब्या फिरला तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, मला तहान नाही. सकाळपासून उन्हात होता, आणि त्याला तहान नव्हती. मला त्याचा संताप आला. मी मुद्दाम दोन तांबे प्यायले, दुसरा मागून घेतला, आणि आपण फार मोठं काही केलं अशा ऐटीत भांडं खाली ठेवलं. ते पाणी तिने कुठून आणलं, हे मी नंतर विचारलं. दोन मैलांवरून. मी प्यायलेला दुसरा तांब्या कोणत्या तरी झाडाचा होता.

निघताना दगड गुंडाळायला आमच्याकडे रद्दी पुरेना. कुणीतरी तिला विचारलं, थोडा भुसा मिळेल का? त्या वर्षी भुसा! तिने आत जाऊन एक विटकं लुगडं आणलं, दातांनी फाडून त्याच्या चिंध्या केल्या आणि दगड बांधून दिले. चार माणसांना पेलवेना एवढं ओझं झालं होतं. तिचा नवरा बैलगाडी जुंपून फाट्यापर्यंत सोडायला आला.

त्यानंतर मी चौकशी केली नाही. करायला हवी होती, पण उत्तरपत्रिका होत्या, घरी भावजयीचं बाळंतपण होतं, आणि नळाला एक दिवसाआड पाणी. कारणं काय, कमी नसतात. शिमगा आला, गेला. साहेबांनी तो हिरवा दगड काचेच्या पेटीत ठेवला, त्याची चार ओळींची चिठ्ठी मी सुवाच्य अक्षरात लिहून दिली. शाळा पाहायला आलेल्या पाहुण्यांना आम्ही तो पहिला दाखवत असू.

मेच्या कडक उन्हात तो मनुष्य परत आला. निम्मा झाला होता. हातांना खडी फोडून घट्टे. त्याच्याकडे काचेची एक बाटली होती, बुचाऐवजी कापडाचा बोळा.

‘साहेब, पानी लागलं.’

टोळी आठ दिवसांत येणार होती ती तीन महिन्यांनी आली. जिल्हाभर विहिरी, टोळ्या मोजक्या, सुरुंगाची दारू वेळेवर मिळेना. तोवर नवराबायको दोघं दुष्काळी कामावर होती. साहेबांनी बाटली हातात घेतली आणि सवयीने टाक उचलला. ‘किती खोलीवर?’

‘तुमी इचारनार म्हनून या टायमाला फुटात मापलं. एक्कावन.’

साहेबांनी हिशेब केला असणार, मीही केला. चार फूट म्हणजे दोन दिवसांचं काम. तो मंगळवारी आला होता आणि टोळी शुक्रवारपर्यंत होती. तो माणूस मात्र तक्रार करायला आलाच नव्हता. ज्यांना दगड दिला त्यांना विहिरीचं पहिलं पाणी दाखवावं म्हणून एसटीने आला होता. आम्ही ते काचेच्या पात्रांत ओतून थोडं थोडं प्यायलो. तहान नसलेले सभासद त्या दिवशी आले नव्हते.

लिंबोणीचं त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. साहेबांनीही विचारलं नाही. तो गेल्यावर त्यांनी पेटी उघडली, चिठ्ठी बाहेर काढली आणि माझ्या सुवाच्य अक्षरांखाली आपल्या हाताने पाचवी ओळ लिहिली. ‘खात्यात असताना चूक झाली की कागदावर घ्यायची सवय होती,’ एवढंच म्हणाले. त्यानंतर मंडळाने एकाही विहिरीला रविवारपर्यंत थांबवलं नाही. फुटलेले तुकडे मिळाले तर घेतले. वर्षा-दोन वर्षांत साहेब वारले, माणसं पांगली, दगड माझ्या पलंगाखाली आले.

प्राध्यापकांना मी सांगितलं की हा दगड न्यायचा असेल तर चिठ्ठी आहे तशी न्या. पाचव्या ओळीची जागा नसेल तर दगड इथेच राहू द्या. ते जरा बावरले, पण हो म्हणाले. म्हाताऱ्या माणसांच्या हट्टाला लोक हो म्हणतात, पुढे काय करतात ते मी पाहायला जाणार नाही. त्यांना मी यापुढचं काही सांगितलं नाही.

दुष्काळ सरून दुसऱ्या वर्षी एका दुपारी शिपायाने वर्गात निरोप आणला, बाई, तुम्हाला भेटायला कुणी आलंय. फाटकाशी ती उभी होती, त्याची बायको. एकटीच आली होती, बाजाराला. तिने पिशवीतून ओंजळभर लिंबं काढून माझ्या पदरात घातली. लहान, पातळ सालीची, हातात धरताच वास येणारी.

‘धरली बाई औंदा. म्हनलं, तुमास्नी द्यावी.’

आता पळायला जागा नव्हती. मी विचारलं, ‘किती झाडं जगली?’

‘सात.’

मी काहीतरी बोलायला गेले. चूक झाली, असंच काहीसं. तिने माझा हात धरला, जसा आजाऱ्याचा धरावा तसा. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी तिच्या नवऱ्याला जे म्हणाले होते ते तिला ठाऊक होतं, आणि माझी तेवढी गोष्ट खरी ठरली हे ती मला सांगत होती.

‘तुमचं खरं झालं, बाई. पानी कुटं बी न्हाई पळालं, तितंच हुतं. झाडंच तेवढी न्हाई थांबली.’